आधीचा सलाम

आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. वडील गेले आणि मोठ्या भावाने त्यांची पिंजण खांद्यावर घेतली. गोंडपिपरीच्या आजूबाजूच्या खेड्यांत गाद्यांचा कापूस पिंजून तो घर चालवी. ती धूळ छातीत जाऊन तो सदा खोकायचा. त्याच्याच कष्टावर मी नागपूरला शिकलो. घराण्यातला पहिला बी.ए. मी, आणि त्याचा अभिमान मला आजही आहे.

गावी आल्यावर पाहुण्यांदेखत मी त्याला म्हणालो, “तुले काय समजते? अंगठेबहाद्दर तू!” तो उठून गेला. तेव्हापासून आमचा अबोला.

भावाशी तीन दिवसांवर अबोला धरू नये, आधी सलाम करील तो चांगला, ही पैगंबरांची शिकवण मला पाठ होती. तरी मी त्याचीच वाट पाहिली. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला मशिदीत तो माझ्या उजवीकडे उभा राहिला. नमाज संपताना मान वळवून सलाम म्हणतात, तोच भावाला केला असं मी घरी सांगितलं. अम्मा म्हणाली, “वा रे बी.ए.! तो नमाजचा सलाम होय. भावाले कुठी केला तू?”

चार महिन्यांनी मी त्याच्यासमोर उभा राहिलो. “अस्सलामु अलैकुम, भाऊ. चुकलं माह्यं.”

“वालेकुम सलाम,” तो म्हणाला आणि पुन्हा कापूस पिंजू लागला. त्यापलीकडे तो मरेपर्यंत माझ्याशी मोकळं बोलला नाही. माझा ताठाही पुरता गेला नाही. मात्र त्यानंतर कुणाच्या सलामाची वाट पाहत मी थांबलो नाही. एवढंच साधलं.