शोभत नाही, इतकंच

घोडबंदर रोडच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलंच नाही. आल्या की गजरा मधोमध तोडून अर्धा माझ्या हातात ठेवायच्या. कुठल्याशा कंपनीत एचआरला होत्या, एवढंच ठाऊक.

त्या दिवशी बस ट्रॅफिकमध्ये अडकलेली. गजरा माळता माळता बाई फोनवर ऑफिसातल्या मुलीला एका सरांविरुद्धच्या तक्रारीचा मजकूर सांगत होत्या, "अगं, 'हॅरॅसमेंट' काढ आधी, कमिटी बसवावी लागेल. 'मिसकंडक्ट'पण नको, चौकशी आली. 'इनॲप्रोप्रिएट बिहेवियर' लिही. म्हणजे शोभत नाही, इतकंच."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "त्या माणसाने केलं तरी काय?"

"स्टोअररूमला आतून कडी लावली. पोरगी ओरडली म्हणून सुटली." दातांतली पिन काढून त्यांनी केसांत खोचली. "तसे सर चांगले आहेत हो."

माझ्या वाटचा गजरा हातातच राहिला.

तेवढ्यात पॅसेजमध्ये उभ्या असलेल्या एकाचा हात बाईंच्या खांद्यावरून मुद्दाम खाली सरकला. गर्रकन वळून त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली.

"हरामखोर! हात लावतोस?"

अख्खी बस बघायला लागली. शब्द शोधायला बाईंना क्षणही लागला नव्हता.