बसगोंडाच्या गाडीचं आयडलिंग

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझं पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात होतं. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. आमच्याकडे पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या वन टन गाड्या होत्या. खालच्या डेपोत रेशन आणि रॉकेल भरायचं, कॉन्व्हॉयनं घाट चढून वरच्या पोस्टला पोचवायचं आणि रिकाम्या गाड्या परत आणायच्या, हे रोजचं काम. लोकांना वाटतं, फौजी म्हणजे सदा बंदूक रोखून उभा. माझ्या हातात बहुतेक वेळ पाना असायचा आणि नखांत ग्रीस.

ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या वेगानं नुसतं चालू राहतं, त्याला आयडलिंग म्हणतात. डोंगरात हवा विरळ. खाली ठीक असलेल्या आयडलिंगवर इंजिन वर धापा टाकतं आणि बंद पडतं. म्हणून ते चढं ठेवावं लागतं. त्यासाठी कार्बोरेटरला एक स्क्रू असतो, पण त्या रस्त्याच्या हादऱ्यांनी तो सैल व्हायचा. यावर तोडगा काढला नाईक बसगोंडानं. बसगोंडा आमच्या कुरुंदवाडचा, चार नंबर गाडीचा ड्रायव्हर. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा पडदा, मिटताना ज्या खुंटीवर येऊन टेकतो, त्या खुंटीला तो तांब्याची तार गुंडाळायचा आणि टोक आत मुडपायचा, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. मग स्क्रू सैल होवो नाहीतर गळून पडो, थ्रॉटल पुरता मिटायचाच नाही. बघता बघता साऱ्या प्लाटूनच्या गाड्यांना तार बसली. पुस्तकात हे कुठं नव्हतं, पण गाड्या बंद पडत नव्हत्या.

मी रजेवर कोल्हापूरला आलो आणि मागे इन्स्पेक्शन लागलं. नव्या साहेबांनी बॉनेट उघडायला लावली. तारा बघून त्यांचं डोकं फिरलं. गाड्या पुस्तकाप्रमाणे पाहिजेत, हे जुगाड काढून टाका, असा हुकूम झाला. बसगोंडा पुढे होऊन म्हणाला, "साब, ऊपर बंद पडेगी." साहेब म्हणाले, "यहाँ तो चल रही है ना?" तारा कापल्या गेल्या. इन्स्पेक्शन पास झालं. वरिष्ठ खूश झाले, चहा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाड्या तशाच घाट चढू लागल्या.

त्या घाटात एक वळण सीमेपलीकडच्या शत्रूच्या नजरेखाली होतं. तिथं थांबायचं नाही, हा नियम. चार नंबर गाडी ऐन त्या वळणावर बंद पडली. मागे अख्खा कॉन्व्हॉय. पहिला गोळा दरीत पडला. पुढचं बोलणं मला बसगोंडाच्या को-ड्रायव्हरनं सांगितलं, कारण रेडिओ सेट त्याच्याच हातात होता.

"चार नंबर बंद. ओव्हर."

"रस्ता खाली करो. ओव्हर."

"करता हूँ. ओव्हर."

बसगोंडानं को-ड्रायव्हरला खाली उतरवलं आणि खडकाआड पिटाळलं. इंजिन धरेना. मग त्यानं ब्रेक सोडला, गाडी उतारावर मागे घेत घेत डोंगराच्या अंगाला लावली. रस्ता मोकळा झाला. मागच्या गाड्या एकामागोमाग निघून गेल्या. शेवटची गाडी पार झाल्यावर गोळा चार नंबरवर पडला. बसगोंडा अजून स्टिअरिंगवरच होता.

मी परत आलो तेव्हा गाडीचा सांगाडा वर्कशॉपमागे आणून टाकला होता. मी कार्बोरेटर बघितला. खुंटी उघडी होती. चौकशीत मी उभा राहिलो, सगळं सांगितलं. मला एकच प्रश्न विचारला गेला, "उस दिन तुम वहाँ थे?" नव्हतो. विषय संपला. ड्रायव्हरच्या चुकीनं गाडी बंद पडली, असं ठरलं. ज्यांनी तारा कापायला लावल्या त्यांचं नाव कुठं आलं नाही. मेलेल्या माणसावर ढकलणं फार सोपं असतं, तो उलटून बोलत नाही. त्याचा राग मी अजून गिळलेला नाही आणि गिळणारही नाही.

दोन हजार सालानंतर मी रिटायर झालो आणि कळंब्यात घराशेजारी पत्रा मारून गाड्यांची कामं करू लागलो. कुरुंदवाडला एकदा गेलो होतो. बसगोंडाच्या वडिलांनी, आप्पांनी, चहा पाजला, पण फौजेचा विषय काढला की हात वर करून थांबवलं. मला वाटलं, दुःख ताजं आहे.

पुढे एका दुपारी आप्पा स्वतःच दारात आले. कपाळाला विभूती, डोक्याला पटका, आणि सोबत बसगोंडानं शेवटच्या रजेआधी घेतलेली जुनी पेट्रोल कार. इंजिन गिरणीसारखं घुमत होतं.

"तम्मा, ही गाडी थांबतच न्हाय बघ," आप्पा म्हणाले. "ब्रेकवरनं पाय काढला की सुटतीया. अव्वाला दवाखान्यात न्यायचं म्हंजे जीव मुठीत."

तम्मा ही कानडीतली धाकट्या भावाला मारायची हाक, अव्वा म्हणजे बसगोंडाची आई. गावाकडच्या दोघा मिस्त्रींनी स्क्रू पिळून पिळून बघितला होता, पॅकिंग बदललं होतं, काही फरक नाही. मी ॲक्सिलरेटरची केबल सोडवली. इंजिन तसंच. चोक बघितला, मोकळा होता. मग कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबला. इंजिन गुदमरून बंद पडलं. म्हणजे खालून कुठून चोरटी हवा येत नव्हती, जी येत होती ती थ्रॉटलमधूनच. स्क्रू तर पुरता सैल होता. याचा अर्थ थ्रॉटल मिटत नव्हता, त्याला काहीतरी अडवत होतं.

मी काम करत असताना आप्पा शेजारी स्टुलावर बसून बोलत होते. बसगोंडा शेवटच्या रजेवर आला तेव्हा दिवसभर या बॉनेटमध्ये डोकं घालून बसला होता म्हणे. तेव्हापासूनच इंजिन असं घुमतंय. रेल्वे फाटकात उभा राहिला तरी इंजिन बंद करायचा नाही, लोक हसायचे.

"त्याला तरी गाडीतलं काय कळत हुतं," आप्पा मध्येच म्हणाले. "ऐन वक्ताला बंद पाडली की. बॉडीसंगं आलेल्या सायबानंच सांगितलं. गावात कुणाला बोललो न्हाय मी."

तेव्हा मला कळलं, ते हात वर करून का थांबवत होते. इतकी वर्षं हा म्हातारा पोराच्या दुःखाबरोबर पोराची लाज वाहत होता. माझ्या हातातला पाना खाली ठेवावा लागला. मी बॅटरी पेटवली आणि खालून आरसा धरला. ग्रीस आणि धुळीच्या थराखाली खुंटी जाडसर दिसत होती. रॉकेलनं पुसली. आत तांब्याची तार होती. टोक आत मुडपलेलं.

कोल्हापूरच्या सपाटीवर या तारेची काही गरज नव्हती. पण डोंगरात गाडी चालवलेल्या माणसाच्या कानाला इंजिनाचा आवाज खाली गेलेला सोसत नाही. बसगोंडा घरी आला, तरी तो घाट त्याच्याबरोबर आला होता.

मी आप्पांना जवळ बोलावलं, तार दाखवली आणि सगळं सांगितलं. तार कशासाठी, ती कोणी काढायला लावली, बसगोंडा साहेबांना काय म्हणाला, वळणावर त्यानं काय केलं.  शेवटी आप्पांनी एवढंच विचारलं, "मागच्या गाड्यातली माणसं?"

"सगळी वाचली, आप्पा."

त्यांनी पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. मी तार सोडवली, स्क्रू बेतानं पिळला. इंजिन शांत झालं, आवाज जेमतेम येऊ लागला. मी म्हणालो, आता ही सुटणार नाही, अव्वांना खुशाल न्या.

आप्पा गाडीत बसले. जुन्या सवयीनं ॲक्सिलरेटर न देताच क्लच सोडला. गाडीनं एक हिसका दिला आणि ती बंद पडली. पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते तसेच बसून राहिले.

"बंद पडली," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तम्मा, ह्यात माझी चूक न्हाय की."

"नाही, आप्पा."

"मग त्याचीबी न्हवती."

त्यांनी खिडकीतून हात पुढे केला. मी तार त्यांच्या तळहातावर ठेवली. ती त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात टाकली आणि या वेळी जरा ॲक्सिलरेटर देऊन गाडी नेली.

ज्यांनी हुकूम दिला त्यांना पुढे बढती मिळाली, असं ऐकतो. माझं म्हणणं कुणी विचारलं नाही, तरी मी सांगत राहणार. नाईक बसगोंडा, चार नंबर गाडी. गाडी त्यानं बंद पाडली नव्हती. बंद पडलेली गाडी त्यानं बाजूला घेतली, म्हणून बाकीचे घरी आले.