पाठमोरी पवनचक्की

नोकरीतली मोठमोठी प्रकरणं आता धूसर झाली, पण जिंतूर भागातल्या माळावरचं कडब्याच्या गंजीचं जळीत मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी तिकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळा नुकताच लागला होता.

फिर्यादी गावातला बडा शेतकरी. त्याच्या रानात कंपनीची पवनचक्की उभी होती. पाव्हण्यारावळ्यांना तो ती दारचा बैल दाखवावा तशी दाखवायचा. तक्रार सरळ होती. धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे सामाईक बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्यानं आणि त्याच्या मुलीनं कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या, ठिणग्या उडाल्या आणि त्याची गंजी खाक झाली.

"मुद्दाम केलं साहेब. दोघांचं बी नाव घ्या," तो म्हणाला.

शेजारी म्हणजे कोरडवाहू तुकड्याचा धनी. मुलीला घेऊन ठाण्यात आला, जयभीम केला आणि उभाच राहिला. बसा म्हटलं तरी बसेना. मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली होती आणि तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता. गुन्हा दाखल झाला असता तर तिची नियुक्ती तिथंच अडकली असती.

"पऱ्हाट्या जाळल्या, न्हाई म्हणत न्हाई," बाप म्हणाला. "पर वारं त्यांच्याकडून आमच्याकडं होतं साहेब. धुरानं आमचेच डोळे चुरचुरायलते."

ज्याच्यावर आरोप आहे तो असं म्हणणारच. आणि वाऱ्याचा पंचनामा करायचा कसा? मी आधी आकस्मिक जळीत म्हणून नोंद घेतली आणि घटनास्थळी गेलो. तिथं राखेशिवाय काही नव्हतं.

परतताना आमच्या जमादारानं चहाच्या टपरीवर गप्पा काढल्या. टपरीवाला सहज बोलून गेला, "त्या दिशी पवनचक्कीवाल्या मालकाच्या रानात रोडग्याचं जेवण होतं की. वालूरचे जावई आल्ते."

गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे, वरण, वर तुपाची धार. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोकंही चालू झालं. फिर्यादीत ना जेवणाचा उल्लेख होता, ना पाहुण्यांचा.

जावईबापू बोलायला मोकळे निघाले. रोडगे कसे झाले होते विचारताच खुलले. "लय झकास. फोटो हायेत की." जेवण झाल्यावर काढलेला फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला. त्यावरची वेळ गंजी पेटायच्या थोडीच आधीची होती. एका अंगाला कडुलिंब, त्याच्याखाली रोडग्यांची राख. दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याच्या शेतातला आखाडा, म्हणजे अवजारं-गुरांसाठीची पत्र्याची शेड. मधे शाबूत गंजी आणि मागे पवनचक्की. पवनचक्कीचं तोंड कडुलिंबाकडे होतं, पाठ आखाड्याकडे.

या पवनचक्क्या उभ्या राहत होत्या तेव्हा मी तिथं बंदोबस्ताला होतो. चालती पवनचक्की तोंड वाऱ्याकडे ठेवते, वारा फिरला की तीही फिरते, तेव्हाच वीज होते, हे तिथल्या इंजिनिअरनं मला सांगितलं होतं. त्या दुपारी ती चालू होती, याचीही मी कंपनीच्या माणसाकडून खात्री करून घेतली. म्हणजे वारा कडुलिंबाकडून आखाड्याकडे वाहत होता. शेजाऱ्याच्या ठिणग्या गंजीपर्यंत येणं शक्य नव्हतं. रोडग्यांचे निखारे मात्र सरळ गंजीवरच जाणार होते.

फिर्यादीला बोलावलं, चहा पाजला. दमदाटीनं निघत नाही ते पुष्कळदा चहानं निघतं. मग फोटो पुढे ठेवला.

"ही पवनचक्की कुणाची?"

"आपल्याच रानातली की," तो कौतुकानं म्हणाला.

"तिचं तोंड कुणीकडं आहे?"

तो बोटानं दाखवायला गेला आणि बोट तसंच हवेत राहिलं.

मग सगळं बाहेर आलं. जावयानं हौसेनं रोडगे उकरून काढले होते, निखारे विझवायचे राहून गेले. "त्यांचं नाव कागदावर नका आणू साहेब," तो गयावया करू लागला. "लेकीला काय तोंड दाखवू?"

"आणि शेजाऱ्याच्या लेकीचं नाव आणायला निघालात?" माझा आवाज चढला. मला मनापासून राग आला होता.

खोट्या तक्रारीबद्दल त्याच्यावर कारवाई करता आली असती. शेजारीच म्हणाला, "जाऊ द्या साहेब. आमचा धुरा एकच हाय."

पडताळणीसाठी गावातल्या प्रतिष्ठितांचे जबाब घेतात. न बोलावता पहिला आला तो हा फिर्यादीच. "लिवा साहेब, पोरगी सोन्यावानी हाय. आन् मी खोटं बोललो ते बी लिवा." दुसरं वाक्य त्या जबाबात बसत नव्हतं. पण ते तो शेजाऱ्याच्या देखत बोलला, तेवढं मला पुरलं. मी समाधानानं कागदावर सही केली.

लोभापायी खोटं बोलणारी माणसं ठाण्यात रोज दिसतात. अब्रूपायी खोटं बोलणारा मात्र दुसऱ्याची अब्रू बिनदिक्कत पणाला लावतो. त्यानंतर कुठलीही फिर्याद वाचताना कुणाचं नाव घातलंय याच्या आधी कुणाचं गाळलंय, ते मी शोधू लागलो.

ती मुलगी आता एका ठाण्यात फिर्यादी लिहून घेते. परवा भेटली तेव्हा हा धडा मी तिला मोठ्या तोऱ्यात ऐकवला. ती हसली.

"सर, हे मला तुमच्या आधी कळलं होतं. गाळलेल्याच्या जागी माझंच नाव होतं ना."