पडद्यावरचे झिंगलेले साहेब

अमेरिकेत, फ्रिस्कोच्या आमच्या मराठी मंडळात एकदा मुलांचं नाटक मी बसवलं होतं. त्यात इंग्रज साहेब गावकऱ्यांना शिस्तीवर भाषण देतो, असा प्रवेश होता. मागे साहेबाचा दिवाणखाना दिसावा म्हणून नवऱ्याला म्हटलं, एखादं जुनं इंग्रजी चित्र मोठं छापून आण. त्याने मोबाइलवर बोटभर चित्र पाहिलं, टेबल, मेणबत्त्या, विग घातलेली माणसं दिसली, की दिली ऑर्डर ठोकून.

प्रयोगाच्या दुपारी तो दहा फुटी पडदा स्टेजवर लावला, तेव्हा कुठे चित्र नीट दिसलं. दिवाणखाना कुठला, चांगला दारूचा गुत्ता होता! जुन्या काळी इंग्लंडात दारुड्यांची टर उडवणारी असली चित्रं छापून विकायचे म्हणे. एकजण टेबलाखाली आडवा. दुसरा तिसऱ्याच्या टकलावर अगदी मन लावून दारू ओततोय. चौथ्याचा विग मेणबत्तीवर पेटलाय आणि त्याला पत्ताच नाही. कोपऱ्यातला जाड्या तर भिंत धरून ओकत होता.

"अरे, हे काय आणलंस?"

"यार, छोट्या स्क्रीनवर डीसेंट वाटलं होतं," नवरा म्हणाला.

दुसरा पडदा आणायला वेळ नव्हता. मंडळाच्या अध्यक्ष काकूंनी खांद्यावरची शाल काढून जाड्यावर टाचली. "बाकीचे झोपलेत म्हणून सांगू," त्या म्हणाल्या.

नाटक सुरू झालं. साहेब झालेली आठ वर्षांची मुलगी मिशी सावरत गरजली, "आमच्या राज्यात शिस्त म्हणजे शिस्त!" सगळा हॉल खो खो हसत सुटला. बिचारीने मागे वळून टेबलाखालच्या माणसाकडे पाहिलं.

"इज दॅट अंकल डेड?"

"नाही गं, दमलाय!" काकू विंगेतून ओरडल्या.

तेवढ्यात शाल गळून पडली.

"ईऽऽ, ही इज थ्रोइंग अप!"

झालं. गावकरी झालेली सगळी पोरं प्रेक्षकांकडे पाठ करून चित्र बघत उभी राहिली. मी लाइट घालवायला सांगितले, तर टाळ्या थांबेनात. मला मात्र तोंड लपवावंसं वाटत होतं.

जेवणाच्या वेळी बघते, तर स्टेजवर त्या पडद्यासमोर फोटोसाठी ही रांग! काका मंडळी मठ्ठ्याचे रिकामे ग्लास एकमेकांच्या टकलावर उपडे करत होती. आयुष्यात थेंब न घेतलेल्या अध्यक्ष काकू पैठणी सावरत चित्रातल्या टेबलाच्या बरोबर खाली आडव्या झाल्या होत्या.

"मला उठवायला दोघं लागतील," त्या खालून म्हणाल्या, "पण आधी फोटो काढा."

तिघं लागले.