अंबाडीचा दोर आणि चार परस समुद्र

माझ्या वडिलांनी मला समुद्रात सोडलं ते कमरेला अंबाडीचा दोर बांधून. तेव्हा माझं वय चौतीस होतं.

गुलबर्ग्याच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो (हेडक्लार्क व्हायला अजून बरेच अर्ज आणि नमस्कार बाकी होते). सहलीची सरकारी सवलत पदरात पडली, तशी मी, बायको सुमन, आठ वर्षांची लेक माया आणि भालकीजवळच्या गावाहून मुद्दाम बोलावून घेतलेले अप्पा, असे चौघं गोव्याला निघालो. अप्पा म्हणजे माझे वडील. वय पासष्ट, धोतर, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. पाहिला तर मीही नव्हता, पण कचेरीत हे कुणाला सांगितलं नव्हतं.

स्टेशनावर त्यांची वळकटी उचलली तर माझा खांदाच उतरला.

"अप्पा, ह्याच्यात काय भरलाव? दगडं?"

"दोर हाय."

"सहलीला दोर कामून?"

"पाण्याला जायलाव नव्हं?"

झालं! अप्पांच्या लेखी विषय संपला.

हा दोर माझ्या चांगला ओळखीचा. आमच्या शेतात पाच परस, म्हणजे पाच पुरुष खोल विहीर. मला, माझ्या बहिणीला आणि निम्म्या वस्तीला अप्पांनी ह्याच दोरावर पोहायला शिकवलं. आमच्या कमरेला दोर बांधायचा, आत ढकलायचं आणि स्वतः काठावर उभं राहून ओरडायचं, "हात मार! पाय झाड! मान वर घे की रं!" दोराचा कायदा साधा होता. त्यांनी एक हिसका दिला म्हणजे 'बरा हायस का?' आपण एक दिला म्हणजे 'बरा हाय.' दोन हिसके म्हणजे 'वर घ्या.' शिकवताना अप्पांचं धोतर कायम कोरडं. शाळेत मी पोरांना सांगायचो, "आमचे अप्पा एका दमात तळाचा गाळ घिऊन येत्यात!" हे कुणी पाहिलं नव्हतं. मीसुद्धा. गुरूनं पोहून दाखवायचं नसतं, अशी माझी समजूत होती.

गोव्यात तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर पीटर भेटला. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच लावून तो लोकांना समुद्राच्या तळाशी मासे दाखवायला न्यायचा. स्कूबा डायव्हिंग! त्या काळात आमच्या बाजूला हा शब्दसुद्धा पोचला नव्हता.

"फक्त चार परस खोल," मी सुमनला म्हणालो. "मी पाच परसाच्या विहिरीत लहानाचा मोठा झालेला माणूस हाय."

"त्या विहिरीची दुसरी कड दिसत हुती," सुमन म्हणाली. "ह्याची दिसंना झालीय."

पण मी ठरवलं होतं. कचेरीत सांगायला काहीतरी हवं ना! होडीत आम्ही चौघं, पीटर, नावाडी आणि मुंबईचे दोन तरुण. मी रबरी पोशाखात कसाबसा कोंबला गेलो, पायात बदकासारखे पंजे चढवले, आणि एवढ्यात अप्पा दोर घेऊन उभे राहिले.

"अंकल, रस्सी नहीं चलेगी," पीटर म्हणाला. "नीचे अटकती है."

अप्पांनी निजामाच्या राजवटीतली आपली ठेवणीतली भाषा काढली. "देखो भाई, रस्सी नक्को बोले तो बेटा बी नक्को. नाव घुमाओ."

पीटरनं माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं. शेवटी पीटरनंच हात टेकले. अप्पांनी माझ्या कमरेला निरगाठ मारली, दुसरं टोक होडीच्या फळीला आवळलं आणि मधला दोर हातात घेऊन मांडी ठोकून बसले.

मुंबईचा एक जण हसत म्हणाला, "काका, बैल सोडताय का पाण्यात?"

अप्पा गंभीरपणे म्हणाले, "बैलाला बिनदोराचं पोहता येतंय."

मायासुद्धा हसली! त्या क्षणी मी समुद्राच्या तळाला जायला खरोखर आतुर होतो.

पीटर आणि मुंबईच्या दोघांबरोबर खाली गेलो आणि खरं सांगतो, सगळं विसरलो. हिरवा उजेड, खडकावर डोलणारं गवत, आणि पिवळ्या माशांचा एक थवा माझ्या काचेसमोर येऊन थांबलेला. जन्मात असं काही पाहिलं नव्हतं. मी हात पुढे केला, तोच कमरेला हिसका! बरा हायस का? मी हिसका दिला. बरा हाय. मासे गेले. पुन्हा जमले, पुन्हा हिसका. पुन्हा बरा हाय! मग एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा माझ्या अगदी बोटाशी आला. त्याच्या नादात मी उत्तर द्यायला अंमळ उशीर केला, आणि अप्पांनी ओढलं.

मी वर निघालो तो बूड आधी. पीटरनं माझा पाय धरला, वरून अप्पा कंबर ओढतायत, आणि बराच वेळ दोघांचंही माझ्यावर एकमत होईना. शेवटी मी एक हिसका दिला, तेव्हा अप्पांनी दोर सैल सोडला. मुंबईचे दोघं हसत होते. पाण्याखाली हसणं ऐकू येत नाही, पण बुडबुडे झुबक्यानं निघतात.

तिथं माझं डोकं फिरलं. पीटर एकाची काच नीट करायला वळला, तसा मी खडकाआड जाऊन कमरेची गाठ सोडायला लागलो. अप्पांची निरगाठ! ती सोडण्यात माझी निम्मी हवा संपली असेल. मग ते टोक मी खडकाच्या एका सुळक्याला बांधलं. मी पडलो फायलींच्या नाड्या बांधणारा माणूस. हाताला सवय जी होती तीच गाठ बसली : सुरगाठ, वर छानसं फूल. एक टोक ओढलं की फाईल उघडते. आणि मी मोकळा होऊन मासे बघायला गेलो.

वर काय झालं ते सुमननं नंतर सांगितलं. अप्पांनी हिसका दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. नाही. ओढून पाहिलं तर दोर हलेना. "अडकलं पोरगं," म्हणून त्यांनी फळीला पाय लावून दोन्ही हातांनी ताकद लावली, आणि माझी गाठ सुटली. दोराचं मोकळं टोक पाणी गाळत होडीत आलं. अप्पांनी ते हातात घेऊन पाहिलं. मनगटाला दोन वेढे दिले. टोपी काढून मायाच्या हातात दिली. आणि उडी मारली.

मी खालून पाहिलं तर डोक्यावर पाणी फुटलं, आणि त्यातून भेगाळलेल्या टाचांचे दोन पाय खाली आले. त्या टाचा मी कुठंही ओळखल्या असत्या. लाज वाटते सांगायला, पण पहिल्यांदा मला आनंद झाला. म्हटलं, आता बघा म्हणावं मुंबईवाल्यांनो, आमचे अप्पा तळाचा गाळ आणतात की नाही!

मग दिसलं, पाय हलत नव्हते. सगळ्या वस्तीला 'पाय झाड' म्हणून ओरडणाऱ्या माणसाचे पाय नुसते लोंबकळत होते.

मी कसा वर गेलो आठवत नाही. पीटरनं अप्पांना बगलेत धरलं, वरून नावाडी आणि सुमन दोर ओढत होते, आणि अप्पांनी माझी मान अशी पकडली होती की होडीत आल्यावरही सोडेनात. पोटातलं पाणी निघालं, खोकला थांबला. मी ओरडलो, "अप्पा, उडी कामून मारलाव?"

"दोराला तू नव्हतास."

"पन तुमाला पोहायला..."

"येत न्हाई."

मग सुमन म्हणाली, "मला ठाव हुतं. लग्न हून आले त्याच वर्साला इचारले मी त्येंला. तुमी चौतीस वर्सांत एकदा तरी इचारलाव का?"

मी विचारलं नव्हतं.

अप्पा धोतराचा सोगा पिळत म्हणाले, "आमच्या लहानपनी गावच्या विहिरीला आमाला शिवू कोन देतंय? लांबून उभं राहून बगायचो, लोकांची पोरं हात कशी मारत्यात, पाय कशी झाडत्यात. तेवडं पाठ झालं. पुढं दीक्षा घेतली, सोताची विहीर खनली, पन तवर पाण्याचं भ्या बसलं हुतं. म्हनलं, आपुन काठावर राहू. पोरं तरी आत उतरू द्या."

म्हणजे आम्हाला जे पोहणं आलं, ते एका पोरानं लांबून बघून पाठ केलेलं होतं. मला रडू फुटलं. काच अजून डोळ्यांवरच होती, त्यामुळे ती आतून भरली आणि पीटरला वाटलं मी अजून बुडतोच आहे. मुंबईचा तो तरुण गुपचूप दोराची वेटोळी करत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा दोर घेऊन किनाऱ्यावर माझ्यापुढं उभे राहिले.

"चल. मला शिकीव."

"आत्ता? ह्या वयात?"

"काल भ्या बुडालं. मी ऱ्हायलो."

मी दोर घेतला. म्हटलं, "या अप्पा, गाठ मारतो."

"तू ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या कमरेला स्वतः निरगाठ मारली. दुसरं टोक वाळूत रोवलेल्या होडीच्या खुंट्याला नेऊन बांधलं, दोनदा ओढून पाहिलं. मग मधला थोडा दोर उचलून माझ्या हातात दिला, आणि समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात शिरले.

"हात मारा अप्पा! पाय झाडा!" मी ओरडलो, आणि तो मधला दोर घट्ट धरून उभा राहिलो. शोभेला.