पाच मिनिटांचा चित्रकार

आमच्या गावात बघण्यासारखं जे काही आहे ते सगळं तलावाच्या काठाला आहे. बुरूज, होड्या, टोप्या विकणारे, आणि त्या टोप्या घालून बुरुजाकडे बघत बसणारे. आमची गल्ली त्यांच्या पाठीमागे. इथे हॉटेलांची मागची दारं उघडतात, कचऱ्याचे डबे ठेवलेले असतात, आणि उरलेल्या जागेत आम्ही राहतो. पूर्वी या गल्लीतून कुणी पाहुणा चालत आलाच, तर तो वाट चुकलेला असायचा. त्याला आम्ही तलावाचा रस्ता दाखवायचो, की विषय संपला.

ते सुख गेलं आमच्या ह्यांच्यामुळे. हे गाइड. तीस वर्षं मिटलेली छत्री उंच धरून लोकांना बुरूज दाखवत आलेत. बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, बुरूज बांधताना हेच विटा उचलून देत होते. घरात मात्र मौनव्रत. भाजी कशी झालीय एवढं विचारलं तरी नुसती मान हलणार.

आता खरी गोष्ट सांगते. ह्यांना दीड तासाच्या वर लघवी धरवत नाही. तरुणपणापासून नाही. तलावाकाठी सार्वजनिक संडास आहे, पण तिथे रांग असते, आणि ज्यांच्यापुढे मघाशी इतिहास पाजळला त्यांच्याच मागे रांगेत उभं राहणं ह्यांच्या रुबाबाला परवडणारं नव्हतं. म्हणून हे आपली सगळी वरात आमच्या गल्लीत आणायचे, माझ्या नणंदेच्या खिडकीखाली उभी करायचे, आणि "पाच मिनिटं हे शांतपणे बघा" असं सांगून वळणापलीकडे आमच्या घराकडे सटकायचे. आमचा संडास जिन्याखाली, त्याचं दार गल्लीवरच.

एकदा एका बाईंनी विचारलं, शांतपणे बघायचं ते नेमकं काय. झाली पंचाईत. पण थापेबाज माणूस अडत नाही. हे म्हणाले, या खिडकीशी बसून एका चित्रकारानं अकरा वर्षं एकच चित्र काढलं. बाईंचे डोळे भरून आले म्हणे. तेव्हापासून चित्रकार तिथेच मुक्कामाला राहिला. मी एकदा त्याचं नाव विचारलं, तर म्हणाले, नाव सांगण्याइतका वेळच नसतो.

त्या खिडकीशी खरोखर कोण बसतं, हे कुणी विचारलं नाही. तिथे ताई बसतात. माझ्या थोरल्या नणंदबाई, ह्यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या. हॉटेलातल्या वेटरांच्या काळ्या कोटांना हातानं काजं करतात. काळ्या कापडावर काळा दोरा. बल्बच्या उजेडात कापड चमकतं आणि टाका दिसत नाही, त्याला दिवसाचाच उजेड लागतो. आमचं दोघींचं कधी जमलं नाही. मी केलेल्या प्रत्येक गोष्टीत त्यांना खोट दिसते. पण त्यांच्या काजात कुणाला खोट काढता आलेली नाही, हे मी मान्य करते.

मग नगरपालिकेला वारसा जपण्याचा झटका आला. दुर्लक्षित जागा शोधायला समिती नेमली. समितीला आपलं गाव दाखवायला माणूस हवा होता, आणि तो कोण मिळाला असेल ते सांगायला नको. महिन्याभरात ताईंच्या भिंतीवर पितळी पाटी लागली : चित्रकाराची खिडकी. पाटीवरचा पडदा ह्यांनीच ओढला. अंगात कोट होता, त्याची काजं ताईंची.

त्याच वर्षी ताईंची नजर मंदावली. डॉक्टर म्हणाले, चष्मा बदलून भागणार नाही, जास्त उजेडात बसा. खिडकी जेमतेम दोन वीत रुंद. ताईंनी गवंडी बोलावला. त्यानं चार विटा काढल्या न काढल्या, तोच पालिकेचा माणूस हजर. वारशाची खिडकी आहे, हात लावायचा नाही. विटा परत बसवून, वर प्लास्टर करून घेऊन तो गेला.

ताई आमच्याकडे आल्या. चहाला हात लावला नाही. ह्यांना म्हणाल्या, "बाळ, समितीपुढे जा आणि एवढंच सांग, की चित्रकार नव्हता. कोटाचं काम गेलं तर मी खाऊ काय?"

साठीच्या बाळानं बराच वेळ छत्रीच्या मुठीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "पण मग तिथे लोकांना थांबवत का होतास, असं विचारतील ना."

बहिणीचे डोळे चाललेत आणि ह्यांना काळजी कसली, तर आपण मुतायला जातो हे चारचौघांत कळेल याची. मला त्या दिवशी ह्यांची किळस आली. मी बोलून दाखवलं, तेव्हा कुठे जायला तयार झाले.

समितीच्या बैठकीला मी आणि ताई मागच्या बाकावर बसलो. अध्यक्षबाईंनी ह्यांचं नाव पुकारताना सांगून टाकलं, की यांच्यामुळे एका मेलेल्या गल्लीला इतिहास मिळाला. झालं. हरभऱ्याच्या झाडावर चढवल्यावर हा माणूस खाली उतरतोय कशाला. हे उठले, छत्री टेबलावर ठेवली, आणि खालच्या आवाजात म्हणाले, की चित्रकाराचं चित्र अपुरं राहिलं ते उजेडाअभावी. खिडकी मोठी व्हावी ही त्याची शेवटची इच्छा होती.

अध्यक्षबाईंनी डोळे टिपले. ठराव एकमतानं मंजूर. आणि मी? मी मूग गिळून बसले. आमची शेजारीण समोर होती, दोन दुकानदार होते, नवऱ्याचं हसं झालं असतं. मनाशी म्हटलं, थापेनं का होईना, खिडकी तर मिळाली.

पालिकेच्या खर्चानं खिडकी तिप्पट झाली, खाली पार कमरेपर्यंत आली. ताईंना आठवडाभर मनासारखा उजेड मिळाला. मग लोक यायला लागले. खिडकी एवढीशी होती तेव्हा ते खालून बघून पुढे जायचे, आता आतलं दिसतं म्हटल्यावर काचेला नाकं लावायला लागले. चित्रकाराची शेवटची इच्छा गावातल्या पायलीला पन्नास गाइडांनी पाठ केली. सकाळी दहापासून काचेवर डोकीच डोकी. ताईंनी पडदा लावला आणि भर दुपारी बल्ब लावून बसल्या. त्या आठवड्यात हॉटेलातून सहा कोट परत आले. काजं वाकडी गेली होती. हॉटेलच्या मॅनेजरनं निरोप धाडला, पुन्हा असं झालं तर काम दुसरीला देऊ.

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, लोक कंटाळतील हळूहळू. आणि छत्री घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी मीही निघाले. ह्यांनी तीसेक माणसं खिडकीपुढे उभी केली आणि पाच मिनिटांसाठी वळण गाठलं. मी पाटीखाली जाऊन उभी राहिले.

"इथे कुणी चित्रकार नव्हता," मी म्हटलं. "इथे माझी नणंद काजं करते आणि तुम्ही तिचा उजेड अडवलाय. तुम्हाला इथे उभं करणारा माणूस आत्ता त्या वळणापलीकडे संडासात आहे. इतकी वर्षं तेवढ्यासाठीच तो लोकांना इथे थांबवतो. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा."

ते गेले. सगळेच्या सगळे गेले. हे कडी काढून बाहेर आले, तेव्हा समोर तीस मोबाइल होते.

आता बाकीचे गाइडही गिऱ्हाईक खिडकीवरून तसंच पुढे नेतात आणि आमच्या जिन्याखालच्या दाराशी थांबवतात. तिथे हसू हमखास मिळतं. पितळी पाटी कुणी वाचत नाही. हे तलावाकाठच्या रांगेत उभे राहतात. माझ्याशी अबोला धरलाय, पण आमच्या घरात तो कळून येत नाही.

काल गल्लीतून चालत गेले. ताईंनी पडदा काढला होता. खिडकी उघडी, मांडीवर कोट, सुई चाललेली. मी खिडकीशी थांबले. एका शब्दाची तरी अपेक्षा होती मला, खोटं कशाला बोलू.

ताईंनी मान वर केली नाही. "समितीत माझ्या शेजारीच बसली होतीस," त्या म्हणाल्या.

मी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला.

"आता सरक," त्या म्हणाल्या. "उजेड अडवतेयस."

मी सरकले.