सरांचं वास्तववादी पत्र

सरांसमोर कुणी नुसतं "छान" म्हटलं की ते हातातला कप खाली ठेवत. "छान म्हणजे काय? रंग सांग, वास सांग, किती जण होते ते सांग." एकदा जेवायला आलेल्या एक बाई आमटी "वंडरफुल" झालीय म्हणाल्या, तर सरांनी चिंच पुढे आली की गूळ, हे विचारून त्यांना पुरतं भंडावून सोडलं. बाईंनी पुन्हा आमटी मागितली नाही.

सर मूळचे रेवदंड्याचे, बेने इस्रायली ज्यू. कॅनडात विनिपेगला विद्यापीठात अमेरिकन साहित्यातला वास्तववाद शिकवत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्यांच्या हाताखाली प्रबंध लिहायला आलो आणि त्यांच्याच बेसमेंटमध्ये भाड्यानं राहिलो. म्हणजे दिवसा प्रबंधातल्या चुका आणि संध्याकाळी पातेल्यातल्या चुका, सगळं एकाच माणसाच्या नजरेखाली! माझ्याइतका दुर्दैवी विद्यार्थी अख्ख्या मॅनिटोबात नसेल.

"यादवी युद्ध संपलं," सर वर्गात सांगत, "आणि लेखकांनी राजवाडे आणि भुतं माळ्यावर टाकली. दुकानदार जेवतो काय, शेतकऱ्याची बायको भांडते कशी, ते लिहायला लागले." पुढे निसर्गवादी आले की सरांचा आवाज चढे. भूक, रक्त आणि हवामान माणसाला कसं फरफटत नेतं, ते ऐकताना खिडकीबाहेर उणे तीस असायचं. "हे तुम्हाला मी काय शिकवणार? बस स्टॉपवर जाऊन उभे राहा."

मला तर त्यांनी तीन शनिवार लाँड्रोमॅटमध्ये, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात, बसवलं. दिसेल ते लिही म्हणाले. मी बारा पानं लिहिली. एका म्हाताऱ्याबद्दल "उदास" असं लिहिलं होतं, त्यावर सरांची लाल पेन्सिल फिरली. "उदास तू होतास. म्हातारा मोजे जुळवत होता."

आणि अशा माणसाच्या हातात माझं लग्न पडलं. सुट्टीत पुण्याला गेलो असताना एक मुलगी दाखवली होती. दोनदाच भेटलो, पण मी पार विरघळलो. परत येतो तो तिच्या वडिलांचं सरांना पत्र: मुलगा कसा आहे, निःसंकोच कळवावे. स्थळाची चौकशी हो! इतकी वर्षं या चौकशीला लोक "सुस्वभावी, निर्व्यसनी, मनमिळाऊ" असं लिहून मोकळे होतात.

"सर, जरा चांगलं लिहा," मी म्हणालो.

"चांगलं म्हणजे काय?"

मेलो! त्यांनी पत्र टाकलं आणि मग कार्बन कॉपी माझ्या हातात ठेवली. "मुलगा रोज आंघोळ करतो, पण टॉवेल खुर्चीवर टाकतो. आतापर्यंत तीन पातेली जाळली. हरला की पत्ते फेकतो. थंडीत नाक ओढतो, रुमाल असतानासुद्धा. गेल्या विंटरमध्ये मी न्यूमोनियानं आडवा होतो, तेव्हा यानं सव्वा महिना माझ्या दारातला बर्फ शोव्हल केला. वाईट केला. पहार मारून सिमेंटच्या पायरीची कड तोडली. पण रोज केला."

मी रडकुंडीला आलो. "सर, माझं वाटोळं केलंत!"

"यातलं खोटं काय आहे ते दाखव," सर शांतपणे म्हणाले.

खोटं काही नव्हतं, हेच तर दुखणं होतं. पाच आठवडे मी सरांशी कामापुरतंच बोललो आणि टपालपेटीपाशी घुटमळलो. शेवटी उत्तर आलं ते मुलीचं, आणि तेही सरांना. "बाबा अजून चिडलेले आहेत, पण मी त्यांना मनवीन. बाकी सगळ्या पत्रांमधली मुलं सुस्वभावी होती. एकाचंही नाक दिसलं नाही. मला हा पायरीवाला चालेल."

सरांनी पत्र दोनदा वाचलं. "या मुलीला शंभरात नव्वद," ते म्हणाले. "ही तुझ्यापेक्षा चांगला प्रबंध लिहील."

वसंतात मी सिमेंट आणून कड भरायला निघालो, तर सरांनी थापी काढून घेतली. "राहू दे. पुरावा आहे."

पुढे लग्न झालं, मला नोकरी लागली आणि आम्ही दोघं पार पश्चिम किनाऱ्यावर बर्नाबीला गेलो. ऐंशीच्या दशकात, एका जानेवारीत, सर गेल्याचा फोन आला. तातडीनं निघालो. अंत्यविधीला मला चार शब्द बोलायचे होते. विमानात मी लिहिलं: थोर, व्यासंगी, प्रेमळ. हिनं वाचून कागद परत दिला. "यात सर कुठे आहेत?"

सरांच्या दारात गुडघाभर बर्फ होता. मी गॅरेजमधून फावडं आणलं आणि शोव्हल करायला लागलो. खाली पायरी लागली. कड तुटलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी मी उभा राहिलो आणि एवढंच सांगितलं, की सरांची पायरी मी तोडली आणि त्यांनी ती शेवटपर्यंत तशीच ठेवली. मग खूप रडलो. खूप म्हणजे किती, असं सरांनी विचारलं असतं. सांगतो सर: माझा रुमाल, हिचा रुमाल, आणि कोटाची उजवी बाही.